पणजोबांचा माग मराठवाड्याच्या दप्तरांत: सर्व्हे नंबर, फसली सन आणि भिंतीवरचा फोटो

घराण्याचा इतिहास शोधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा आडनाव घेऊन निघतो आणि पहिल्याच कचेरीत अडकतो. मराठवाड्यातल्या निजामी काळच्या कागदांत आडनाव असेलच असं नाही. तिथं सापडतं ते ‘गणपती वल्द मारुती, साकीन अमुक’ (म्हणजे मारुतीचा मुलगा गणपती, राहणार अमुक) एवढंच. एकाच गावात, एकाच वेळी असे तीन गणपती वल्द मारुती सहज असू शकतात. त्यांतला तुमचा कोणता, हे सर्व्हे नंबर सांगतो. म्हणून शोध माणसाचा असला तरी धागा जमिनीचा धरा. जमीन नसलेल्या घरांची वाट वेगळी आहे, ती पुढे येईलच.

आधी घरातलं

कचेरीत जाण्याआधी घरातल्या आणि भावकीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसांकडे बसा. पुरुषांपेक्षा बायकांकडे जास्त वेळ द्या. कोण कुठल्या गावाहून नांदायला आली, कोणाची सोयरीक कुठे झाली, कोणतं मूल कोणत्या साथीत गेलं, हे आत्या आणि आज्यांना पाठ असतं. ‘आजोबा किती साली वारले?’ असं विचारू नका. त्याला मिळणारं उत्तर अंदाजाचं असतं आणि लिहून ठेवलं की तेच खरं वाटायला लागतं. त्याऐवजी घटनेला बांधून विचारा: मानमोडीच्या आधी की नंतर (म्हणजे १९१८ची साथ), रझाकारांच्या वेळी किती मोठे होते, पोलीस ॲक्शनच्या वेळी लग्न झालं होतं का (सप्टेंबर १९४८), बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेले होते का. अशा दोन-तीन खुंट्या मिळाल्या की जन्मसालाचा अंदाज पाच-सात वर्षांच्या फरकात येतो.

मग पेटी उघडा. शेतसाऱ्याच्या आणि तगाईच्या पावत्या, खरेदीखतं, लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, जुनी रेशनकार्डं, पोथीच्या मलपृष्ठावरची टिपणं, सगळं बाहेर काढा. उर्दूतला किंवा मोडीतला कागद वाचता येत नाही म्हणून बाजूला टाकू नका. बहुतेक वेळा तोच सगळ्यांत कामाचा असतो.

प्रत्येक माणसासाठी वहीत एक पान ठेवा आणि त्यावर सहा गोष्टी लिहा: नाव, वडलांचं नाव, गाव (खुर्द की बुद्रुक यासकट), जात जशी कागदात असेल तशी, जमिनीचा सर्व्हे नंबर आणि ही माहिती कुठून आली. शेवटची नोंद सगळे टाळतात. सहा महिन्यांनी ‘हे कोणी सांगितलं होतं?’ आठवत नाही आणि मग ऐकीव गोष्ट आणि कागदावरची गोष्ट एकमेकांत मिसळून जाते. ‘आमचे मूळपुरुष उत्तरेतून आले’ हेही लिहा, पण ‘ऐकीव’ असा शेरा मारून.

गाव तेव्हा कुठे होतं?

मराठवाडा १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. त्या वेळी जिल्हे पाचच होते: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना १९८१चा, लातूर १९८२चा, हिंगोली १९९९चा. म्हणजे हिंगोलीकडच्या गावाचं जुनं जिल्हा पातळीवरचं दप्तर परभणीत विचारायचं, लातूरचं धाराशिवात.

उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, आणि बीदर आज कर्नाटकात आहे. किनवट तालुका आदिलाबादचा होता. उलट मुधोळ-भैंसा हा भाग नांदेडमधून तिकडे गेला. या पट्ट्यातल्या लोकांना ‘रेकॉर्ड नाही’ असं उत्तर मिळतं तेव्हा ते बऱ्याचदा खोटं नसतं, प्रश्न चुकीच्या जिल्ह्यात विचारलेला असतो.

जुनी नावंही बघून ठेवा. अंबाजोगाई निजामी कागदांत मोमिनाबाद आहे. वाड्या आणि तांडे बहुधा स्वतंत्र सापडत नाहीत, ते ज्या महसुली गावाच्या शिवारात येतात त्या गावाखाली शोधावे लागतात.

आणखी एक प्रश्न आहे, तो फारसं कोणी विचारत नाही. गाव दिवाणी होतं, सर्फेखासचं होतं की जहागिरीचं? दिवाणी म्हणजे सरकारी, सर्फेखास म्हणजे निजामाच्या खासगी उत्पन्नाचं, आणि जहागिरीच्या गावात वसूल जहागीरदार करी. १९४९मध्ये जहागिरी संपल्या, पण त्याआधीचं जहागिरी गावाचं दप्तर सरकारी गावांइतकं सलग मिळत नाही. हे आधीच माहीत असेल तर निम्मा मनस्ताप वाचतो.

फसली सन जुळवायचा कसा

निजामी महसुली कागदांवर फसली सन, म्हणजे महसुलाच्या हिशेबाचा सन असतो. हैदराबादचं फसली वर्ष ६ ऑक्टोबरच्या सुमारास आजूर महिन्यानं सुरू होतं. त्यानंतर क्रमानं दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. हिशेब सोपा आहे: तारीख ऑक्टोबर ते डिसेंबरमधली असेल तर फसली सनात ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढची असेल तर ५९१.

उदाहरणार्थ, तीर १३४१ फसली. तीर साधारण मे-जूनमध्ये येतो, म्हणून १३४१ अधिक ५९१, म्हणजे १९३२. पण दै १३४१ हा नोव्हेंबर-डिसेंबर, तिथं ५९०, म्हणजे १९३१. बहमन डिसेंबर-जानेवारीत पसरलेला असल्यानं तिथं तारीखही बघावी लागते. सरसकट ५९० मिळवणाऱ्यांच्या वंशावळीत मूल कधीकधी बापाच्या मृत्यूनंतर वर्षानं जन्माला येतं, ते यामुळेच. कागदावर हिजरी सनही असेल तर तो फसली समजू नका. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं, त्याला असा सरळ आकडा लावता येत नाही. मोडी कागदांवर शक असेल तर ७८ मिळवा, पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९.

सातबाऱ्यावरून मागे

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करायची आणि एकेक पायरी मागे जायचं. मध्येच उडी मारली की धागा तुटतो.

हस्तलिखित सातबारा मिळवा, संगणकीकृत पुरत नाही. जुन्या हस्तलिखित उताऱ्यांचं स्कॅनिंग झालेलं आहे आणि ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे उतारे दिसतात. नाही दिसले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. हस्तलिखित उताऱ्यावर काही नावांना कंस केलेला असतो, म्हणजे ते नाव कमी झालं. त्याच्याजवळ वर्तुळात एक आकडा असतो, तो फेरफार क्रमांक. सगळी वर्तुळं वहीत उतरवून घ्या. पुढची सगळी वाट या आकड्यांवरून जाते.

आता त्या क्रमांकांचे फेरफार (गाव नमुना ६) मागवा. यांत वारसाचा फेरफार म्हणजे सोनं. तो साधारण असा असतो: खातेदार अमुक हे अमुक तारखेस मयत, त्यांना वारस मुलगे एक, दोन, तीन, मुली दोन, पत्नी एक. एका नोंदीत पूर्ण पिढी मिळते. मात्र दोन गोष्टी जपा. नोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे, वारस लावायला लोक दहा-दहा वर्षं लावत. आणि जुन्या नोंदींत मुलींची नावं अनेकदा नसतात किंवा ‘इतर अधिकार’ रकान्यात जाऊन बसलेली असतात. तो रकाना न वाचता पुढे गेलात तर घरातल्या आत्या वंशावळीतून गायब होतात.

उताऱ्यावर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बाकीचे भाऊ हयात होते, फक्त कागदावर नव्हते. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ‘अमुक अ.पा.क. आई अमुक’ असं असेल तर बाप मुलगा लहान असतानाच गेला होता, ही गोष्ट त्या तीन अक्षरांत लिहिलेली आहे. घरात कोणाला आठवत नसली तरी.

पुढची अडचण गट नंबरची. एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर बदलून गट नंबर आले. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालणारं पत्रक भूमी अभिलेख कार्यालयात मिळतं. ते न घेता थेट जुन्या दप्तरात गट नंबर शोधला तर शेजाऱ्याचा पणजोबा हाती येतो.

सर्व्हे नंबर कळला की १९५४-५५चं खासरा पाहणी पत्रक मागा. मराठवाड्यातल्या शोधात हा मैलाचा दगड आहे: कोणती जमीन कोणाच्या नावे आणि कोणाच्या वहिवाटीत, हे त्यात असतं. त्याच्या मागे निजामी पाहणी पत्रकं, आणि भूमी अभिलेखात शेतवार पत्रक, पक्काबुक, क्लासर रजिस्टर ही मोजणी-आकारणीच्या वेळची पुस्तकं. हैदराबाद मुक्तीच्या चळवळीच्या दिवसांत काही गावांत पटवाऱ्यांची दप्तरं जाळली गेली. अशा गावचं गावपातळीवरचं काही मिळालं नाही तरी भूमी अभिलेखातली प्रत शाबूत असू शकते, म्हणून दोन्हीकडे विचारा.

घराकडे पाटीलकी, कुलकर्ण, इनाम किंवा देवस्थानची सेवा असेल तर आणखी एक दार उघडतं. इनामाच्या वारसाची चौकशी अतियातमध्ये, म्हणजे इनामांचे हक्क तपासणाऱ्या कचेरीत होत असे. त्या फायलींत मुंतखब (इनामाच्या निर्णयाचा कागद) आणि त्याला जोडलेला वंशवृक्ष असतो, कधी चार-पाच पिढ्यांचा. वाचताना एक लक्षात ठेवा: हा वंशवृक्ष हक्क सांगण्यासाठी दिलेला असतो, त्यामुळे वाटेकरी भाऊबंद त्यातून गाळलेले असू शकतात.

धरणात जमीन गेली असेल तर भूसंपादनाचा निवाडा बघाच. नाथसागरात बुडालेल्या गावांच्या बाबतीत तर खातेदारांची यादी, क्षेत्र आणि मोबदला एका जागी मिळतो.

नक्कल मागताना

‘आमच्या घराण्याची सगळी माहिती द्या’ असा अर्ज कोणीही बाजूला ठेवतो. अर्जात गाव, तालुका, सर्व्हे नंबर, कागदाचं नाव आणि साल (फसली आणि इसवी दोन्ही) लिहा. आधी फेरिस्त बघायला मागा. फेरिस्त म्हणजे रेकॉर्डरूममधल्या बस्त्यांची यादी. तीत कागद दिसला की बस्ता क्रमांकासकट अर्ज द्यायचा, काम पटकन होतं. सोमवारी आणि महिनाअखेरीस जाऊ नका.

कागद नाही असं सांगितलं तर तेच लेखी मागा. माहितीच्या अधिकारात अर्जाची फी १० रुपये, पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस. तोंडी ‘नाही’चं लेखी उत्तर देताना बऱ्याचदा कागद सापडतो.

२०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातली जुनी दप्तरं मोठ्या प्रमाणावर चाळली आणि स्कॅन केली गेली. कुणबी नोंदी असलेली पानं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आहेत. ती नोंद तुमच्या कामाची असो-नसो, गावचं नाव टाकून बघा. आपल्या गावचे कोणते कागद कोणत्या सालचे शिल्लक आहेत, हे घरबसल्या कळतं.

वाचायचं कोणी?

उर्दू वर्तमानपत्र वाचणारा माणूस निजामी दप्तर वाचू शकेलच असं नाही. कारकुनी हस्ताक्षर शिकस्ता, म्हणजे मोडून-जोडून लिहिलेलं. रकमा कधी आकड्यांऐवजी सियाकच्या, म्हणजे जुन्या फारसी हिशेबाच्या खुणांत असतात. जुन्या वकिलांचे मुन्शी, निवृत्त महसूल कर्मचारी किंवा कचेरीत भाषांतर करणारे यांच्याकडे जा. मोडीसाठी पुराभिलेख विभागाकडे चौकशी करा, त्यांचं विभागीय कार्यालय छत्रपती संभाजीनगरात आहे. संस्थानच्या वरच्या पातळीवरचे फारसी-उर्दू कागद मात्र हैदराबादला, तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात.

काही शब्द स्वतःला आले पाहिजेत. वल्द म्हणजे मुलगा, जौजे म्हणजे बायको, बेवा म्हणजे विधवा, साकीन म्हणजे राहणार, कौम म्हणजे जात. मुतवफ्फी म्हणजे मयत. मुतबन्ना म्हणजे दत्तक, आणि हा शब्द सुटला की सगळी वंशावळ चुकीच्या घरात जाते. पट्टेदार जमिनीचा धनी, शिकमीदार त्याच्या हाताखालचा. काबिज म्हणजे प्रत्यक्ष ताब्यातला. पट्टेदार एक आणि काबिज दुसराच असेल तर तुमचे पणजोबा बहुधा कूळ होते. त्या घरांनी कुळाच्या नोंदवह्याही मागाव्यात.

जमीन नव्हती तर

गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. तिथं बाळाचं नाव शोधू नका, बाळाला तेव्हा नाव ठेवलेलंच नसतं. ‘अमुक याला मुलगा’ अशी नोंद असते, म्हणून बापाच्या नावानं शोधा. १९७०पासून नव्या कायद्यानं नोंदणी सुरू झाली, त्यापुढचे दाखले ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत.

शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर हा दुसरा मोठा आधार. घरातला पहिला शिकलेला माणूस कोण, ते ठरवा आणि त्याची शाळा गाठा. निजामी काळात प्राथमिक शाळेला तहतानिया, माध्यमिकला वस्तानिया आणि हायस्कूलला फौकानिया म्हणत. जन्मगाव आणि जात यांवर विसंबायला हरकत नाही, जन्मतारखेवर मात्र नको. मास्तरांनी अंदाजानं टाकलेली १ जून ही महाराष्ट्रातल्या निम्म्या पिढीची जन्मतारीख आहे.

याशिवाय १९५१चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, दुय्यम निबंधकाकडची खरेदीखतं, बटाईपत्रं आणि दत्तकपत्रं, पोलिसांचे आणि तुरुंगाचे जुने रजिस्टर. बलुतेदारांच्या आणि महार वतनाच्या जमिनींच्या नोंदी वतनाच्या कागदांत स्वतंत्र मिळतात.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या

त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात, गाव आणि आडनाव यांनुसार लावलेल्या. तुळजापूरलाही घराण्याचा पुजारी ठरलेला असतो. जाण्याआधी आडनाव, मूळ गाव, कुळदैवत आणि किमान दोन पिढ्यांची नावं घेऊन जा, नुसत्या आडनावावर वही उघडत नाही. नोंद करणारा यात्रेकरू स्वतः नावं सांगत असे, त्यामुळे आजोबा-पणजोबा बरोबर आणि त्यामागचे घसरलेले, असं पुष्कळ दिसतं. पानाचा फोटो काढू द्यावा की नाही हे त्यांच्यावर सोडा. वेगळ्या गावांत गेलेल्या भावकीच्या शाखा जोडायला या वह्यांसारखं दुसरं साधन नाही. घराण्यांच्या वंशावळी सांगणारे कर्नाटकाच्या सीमेलगत हेळवी, इतरत्र भाट, त्यांच्याकडेही विचारा.

फोटो

भिंतीवर हार घातलेला पणजोबांचा मोठा फोटो बहुतेक वेळा मूळ फोटो नसतोच. माणूस गेल्यावर एखाद्या ग्रुप फोटोतून त्याचं डोकं घेऊन, मोठं करून, रंगारी-फोटोग्राफरनं कोट आणि फेटा ब्रशनं काढलेला असतो. ओळखायचं कसं? चेहरा धूसर आणि कोटाची गुंडी मात्र रेखीव. खांदे मानेशी नीट बसत नाहीत. मागची पार्श्वभूमी सपाट राखाडी. अशा फोटोतल्या कपड्यांवरून काळ ठरवू नका. मूळ ग्रुप फोटो कोणत्या तरी भावाच्या घरी असतो, तो शोधा.

चौकट उघडायची असेल तर मागचा पुठ्ठा सावकाश काढा. फ्रेमवाल्यानं आत वर्तमानपत्राचं पान भरलेलं असतं, त्यावरची तारीख म्हणजे फ्रेम केल्याचा काळ. फोटो काचेला चिकटलेला दिसला तर तिथंच थांबा. ओढला तर चेहऱ्याचा थर काचेवर राहतो आणि तो परत येत नाही. काचेसकट फोटो घ्या: खिडकीजवळच्या सावलीत, मोबाइल फोटोला समांतर, आणि मोबाइलच्या मागे, तुमच्या पुढे काळं कापड धरून, म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब पडत नाही.

काळ ठरवायला आधी कागद बघा. जाड पुठ्ठ्यावर डकवलेला पातळ, पिवळट-तपकिरी कागद असेल तर एकोणिसाव्या शतकाचा शेवट किंवा विसाव्याची सुरुवात. पांढरी, करवतीसारखी कातरलेली किनार साधारण चाळीस ते साठच्या दशकातली. पाठ प्लास्टिकसारखी गुळगुळीत असेल तर सत्तरनंतरचा. पाठीमागचा स्टुडिओचा शिक्काही वाचा: गावाच्या नावापुढे ‘डेक्कन’ असेल तर बहुधा निजामी काळ, सहा आकडी पिनकोड असेल तर १९७२नंतरचा, कारण पिनकोड तेव्हा सुरू झाला.

कपडे शेवटी. गांधी टोपी दिसली तर फोटो १९२०च्या आधीचा नसावा. शेरवानी आणि रुमी टोपी बघून धर्म ठरवू नका. निजामी नोकरीतले आणि उस्मानिया विद्यापीठात शिकलेले हिंदूही शेरवानीत फोटो काढत. स्टुडिओत कोट, घड्याळ, काठी, पुस्तक भाड्यानं किंवा फुकट मिळे, तेव्हा हातातलं पुस्तक शिक्षणाचा पुरावा नव्हे.

ग्रुप फोटोत माणसं ओळखून घेताना एकाच वेळी सगळ्यांना बसवू नका, मोठ्या आवाजाच्या काकांचंच खरं ठरतं. प्रत्येकाला वेगळं दाखवा. फोटोची झेरॉक्स काढून डोक्यांवर आकडे टाका आणि नावं आकड्यांपुढे लिहा. दोघांनी स्वतंत्रपणे एकच नाव सांगितलं तर पक्कं, नाहीतर प्रश्नचिन्ह.

स्कॅन ६०० डीपीआयनं करा, पासपोर्टएवढा फोटो असेल तर १२००, आणि पाठही स्कॅन करा. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, पाठवायला जेपेग. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत बारीक होते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो ओल्या कापडानं पुसू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. हळद-कुंकू लावायचं ते काचेवर. पाठीवर नाव लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो. प्लास्टिकसारख्या पाठीवर पेन्सिल उठत नाही, तिथं नावाची चिठ्ठी वेगळ्या पाकिटात, फोटोच्या सोबत.